आकसणी

उद्यमनगरात, लेथच्या आवाजाखाली,
अण्णाप्पा चौगुल्यानं पोत्यातून काढून टेबलावर ठेवला
पंपाचा इंपेलर.
बिडाचा, गंजका, पाचही पाती नदीच्या वाळूनं खाल्लेली.
कंपनी केव्हाच बंद. ड्रॉइंग कुणाकडं नाही.
"ह्यो हाय तसा नगं," तो म्हणाला,
"ह्यो हुता तसा पायजे."

मी स्कॅनर फिरवला.
पडद्यावर दोन लाख ठिपके सांडले,
पुडी फाटून भडंग सांडावं तसे.
ठिपक्यांना आकार नसतो.
त्यांना फक्त जागा असते.

मग त्यांच्या मध्यात एक चकती सोडली,
जाळीची, रबरासारखी, काहीच माहीत नसलेली,
आणि तिला म्हटलं, जा, ओढतील तिकडं.
ठिपके ओढतात. जाळी आवरते.
ठिपक्यांना खरं हवं असतं, जाळीला नेटकं,
आणि त्या दोघांच्या ओढाताणीत
हळूहळू वस्तू दिसायला लागते.
नवी चप्पल तरी दुसरं काय करते?
आठवडाभर चावते,
मग कुणी कुणाला वळवलं ते कळत नाही.

ढिली सोडली तर जाळी गंजाच्या खड्ड्याखड्ड्यात उतरते.
ताठ धरली तर सगळं वापरलेल्या साबणाच्या वडीसारखं.
सकाळपासून मी एकच आकडा वरखाली करत बसले होते,
ताठपणाचा.

पिराजी मिस्त्री कधी मागं येऊन उभे राहिले, कळलं नाही.
वय सत्त्याहत्तर. उजव्या हाताची दोन पेरं बँडसॉला दिलेली.
खिशात आकसणीची पट्टी,
जिच्यावरचा फूट फुटाहून थोडा मोठा असतो,
कारण बीड निवताना अंग चोरतं
आणि पॅटर्न करणाऱ्यानं ते आधीच माफ करायचं असतं.

"पाचही झिजलीत," मी म्हटलं. "खरं कुठलं धरू?"
"पाची खोटं बोलणार," ते म्हणाले.
"पर पाची एकच खोटं बोलतील व्हय?
जुळतंय कुठं, ते बघ."

मी पाती एकमेकांवर फिरवली, बहात्तर बहात्तर अंशांनी.
एकात गेलेलं तिसऱ्यात उरलं होतं,
तिसऱ्याची कड पाचव्यानं राखली होती.
चकतीतून पाती वर आली,
पाण्यातून म्हशींच्या पाठी वर याव्यात तशी, सावकाश.

राहिली एक खळगी.
मागच्या बाजूला, कशाशीच न जुळणारी.
जाळीनं ती पुसून टाकली होती,
आणि मीही म्हटलं, असेल काहीतरी, कचरा.

मिस्त्रींनी इंपेलर उचलला, उलटा केला,
खळगीत अंगठा ठेवला.
शंभराला एक कमी. तरी बसला.

"एकुणऐंशी साल असंल," ते म्हणाले.
"पुट्टी वली हुती. वाट बघाय पायजे हुती.
बायकू सीपीआरमधी. थोरली व्हायची हुती."
एवढंच. शेजारी लेथवर कुणीतरी शिट्टी वाजवत होतं.

मी आकडा खाली आणला.
जाळी जराशी सैल झाली, त्या एकाच जागी,
आणि खळगीत उतरली, अंगठ्याएवढी.
मी वळून पाहिलं.
शाबासकीसाठीच पाहिलं, खोटं कशाला बोलू.

"काढ ती," मिस्त्री म्हणाले.
"चूक हाय. पाण्याला लागती.
पंपात चूक ठिवत्यात व्हय, पोरी?"

मंगळवारी शिरोलीत ओतून आणला.
गुळगुळीत.
अण्णाप्पानं पैसे दिले, वर गुळाचा एक रवा.
पंप चालला म्हणून त्याचा फोन आला नाही.
चालल्याचे फोन येत नसतात.

खळगीची फाईल माझ्याकडं आहे.
नाव सुचेना, म्हणून साल टाकलं,
एकोणऐंशी,
आणि त्यापुढं एक प्रश्नचिन्ह,
जे संगणकानं घेतलं नाही.